तपकिरीच्या डब्यांचे तवनाप्पा मास्तर

नंदगडच्या रानातून दुपारच्या वेळी ओळीने शिंका ऐकू आल्या, तर कुणाला सर्दी झाली असं आमच्या गावात कोणी म्हणत नसे. "मास्तरांचा डबा गावला वाटतं कुणाला," असं म्हणून माणसं आपापल्या कामाला लागत. हे डबे तपकिरीचे असत. तवनाप्पा मास्तरांच्या भावाची निपाणीला तंबाखूची वखार होती, तिथून रिकामे मोठे डबे येत. मास्तर ते राखेने घासत, उन्हात वाळवत, पुन्हा घासत. तरीही झाकण उघडलं की उघडणारा शिंकायचा. न शिंकता डबा सापडल्याचं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं.

ते आमच्या शाळेत चित्रकला शिकवत आणि मी मराठी. मी मच्छे गावचा, म्हणून ते मला मच्छेकर म्हणत. हे माझं आडनाव नाही असं मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढची सगळी वर्षं मच्छेकरच म्हणत राहिले. ते बोरगावचे, जैन. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि राग आला की दोन्ही बंद. अंगाने चांगले भरलेले, डोक्याला रुमाल, काखेत छत्री. रानात चालताना ते छत्रीच्या टोकाने वाटेवरची पानं बाजूला सारत आणि खाली एखादा जीव नाही ना हे पाहून मगच पाऊल टाकत. त्यांच्याबरोबर फिरायला गेलेला माणूस त्यामुळे लवकर घरी येत नसे.

डब्यांचा नाद त्यांना एका गोऱ्या साहेबाने लावला होता. तरुणपणी मास्तर जंगलखात्यात नकाशे काढायला होते. त्या साहेबाच्या मुलखात म्हणे लोक माळरानावर डबे लपवतात. डब्यात एक शिक्का आणि एक वही ठेवतात, आणि डबा कुठे आहे याचं कोडं मागे सोडून घरी जातात. ज्याला तो सापडेल त्याने डब्यातला शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत उठवायचा आणि डबा होता तसा परत ठेवायचा. "बक्षीस काय?" असं मास्तरांनी विचारलं. काही नाही, असं साहेब म्हणाला. मास्तरांना ही गोष्ट फार पटली.

पुढे साहेब बदलून गेला आणि त्याचे डबे रानातच राहिले. मास्तरांनीही ती नोकरी सोडली. झाडांचे नकाशे काढायला त्यांची हरकत नव्हती, पण नकाशा पुरा झाला की झाडं तोडायला माणसं येतात हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. मग ते चित्रकलेचे मास्तर झाले आणि साहेबाचे डबे गंजून गेल्यावर त्यांनी आपले ठेवायला सुरुवात केली. शिक्के ते पांगाऱ्याच्या लाकडात कोरत, तेही आपोआप मोडून पडलेल्या फांदीच्या. शाई हिरड्याची, घरी उकळलेली. एका डब्यात मोर, एकात खेकडा, एकात गवा. शोधायला येणाऱ्यालाही ते त्याचा स्वतःचा शिक्का कोरून देत. माझ्यासाठी त्यांनी गोगलगाय कोरली. का, ते मी विचारलं नाही.

दर शनिवारी शाळा सुटताना चित्रकलेच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर नवं कोडं लिहिलेलं असे. कोडी लहान असत आणि त्यांत उपदेश मिसळलेला असे. 'ओढा ओलांड. इथेच पाणी पिऊन घे, पुढे नाही. गाळून पी.' अशा वाक्यातून वाट शोधायची म्हणजे डोक्याला ताप होता. नियम एकच आणि तो कडक होता. डबा कुठे आहे हे सांगायचं नाही, सापडलेल्यानेही नाही आणि ठेवणाऱ्यानेही नाही. एकदा मोठ्या हुद्द्याचे तपासणी अधिकारी शाळेत आले होते. फळा वाचून त्यांनी विचारलं, "याचा उपयोग काय, मास्तर?"

"उपयोग न्हाय," मास्तर म्हणाले. "म्हणून तर सुट्टीदिवशी करतो."

अधिकाऱ्यांनी शेऱ्यात काय लिहिलं ते कळलं नाही. मास्तरांची पगारवाढ त्या वर्षी झाली नाही, पण ती त्याच्या आधीच्या वर्षीही झाली नव्हती.

चार नंबरच्या डब्याची गोष्ट गावात अजून सांगतात. तो जांभळीच्या ढोलीत होता. पावसाळ्यानंतर मास्तर बघायला गेले तर आत मुंग्यांनी घर केलेलं. वही अर्धी खाल्लेली, अंडी घातलेली, सगळा संसार मांडलेला. दुसरा कुणी असता तर त्याने डबा झटकला असता. मास्तरांनी झाकण हळूच परत लावलं आणि फळ्यावर लिहिलं, 'डबा चार सध्या मुंग्यांकडे आहे. कोणी जाऊ नये.' मुंग्या तिथे फार काळ राहिल्या. मास्तर दर रविवारी त्या बाजूला जाऊन लांबून बघून येत. आपण विचारलं तर म्हणत, "हायत अजून. बरं चाललंय त्यांचं."

आता त्यांच्या जेवणाबद्दल सांगायला हवं. सकाळचं जेवण ते शाळेच्या घाईत कसंबसं उरकत. संध्याकाळचं जेवण म्हणजे मात्र त्यांचं सुख होतं. शाळेतून आले की हातपाय धुऊन ते पाटावर बसत. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा तर त्यांचा धर्मच होता, पण त्या धर्माचं पालन मास्तर ज्या आनंदाने करत तसं मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही. जोंधळ्याची भाकरी, लोण्याचा गोळा, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी. त्यांची बायको, जिला सगळं गाव आक्का म्हणायचं, ती भाकरी थापत असे आणि मास्तर एकेक घास बघून, वळवून, तोंडात टाकत. त्या वेळी ते कुणाशी बोलत नसत. भाकरी संपत आली की नुसती मान वर करत आणि आक्का दुसरी टाकी.

त्यांच्या दृष्टीने संध्याकाळचं जेवण म्हणजे ऊन असतानाचं जेवण, आणि साऱ्या जगाचं तसंच असतं अशी त्यांची समजूत असावी असं आम्हांला वाटे. नवे हेडमास्तर आले तेव्हा मास्तरांनी त्यांना कौतुकाने संध्याकाळी जेवायला बोलावलं. हेडमास्तर बिचारे न्हाऊन, कोट घालून, हातात कंदील घेऊन रीतसर रात्री गेले. घर अंधारात, चूल सारवलेली, भांडी पालथी. मास्तर दार उघडून म्हणाले, "सर, लई वाट बघितली. दिवस चालला म्हणून आम्ही उरकून घेतलं." हेडमास्तरांना पाणी पिऊन परत जावं लागलं. पाणी गाळलेलं होतं. शाळेत ही गोष्ट बरेच दिवस पुरली, आणि मास्तर प्रत्येक वेळी ती ऐकून खालमानेने हसत.

मग बेचाळीस साल उजाडलं. त्या पावसाळ्यात आमच्याकडे रेल्वेच्या बाजूच्या तारा तुटू लागल्या. पोलिसांना ज्यांचा संशय होता त्यांत लोहाराचा मारुती होता. मारुती मास्तरांचा जुना विद्यार्थी, आता मिशा फुटलेला गडी. मास्तरांचे सगळे डबे शोधून काढणारा तो एकटाच. श्रावणापासून तो घरी आलेला नव्हता.

एका सोमवारी मधल्या सुट्टीत मास्तर माझ्याजवळ येऊन बसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मच्छेकर, वीरगळाच्या डब्यात पक्कड हाय."

"कसली पक्कड?"

"तार तोडायची. लई मोठी. मुठीवर रेल्वेचा शिक्का हाय."

ती कुणी ठेवली हे सांगायची गरज नव्हती. ती सापडली असती तर मारुती किती वर्षं आत गेला असता कोण जाणे, आणि ज्याच्या डब्यात सापडली तो मास्तरही त्याच्यामागून गेला असता. मी म्हटलं, काढून ओढ्यात टाका. मास्तर म्हणाले, "माझी न्हाय ती. न दिलेली वस्तू घेऊ कशी?" मी म्हटलं, मग मला सांगा कुठे आहे, मी काढतो. मी काही अभद्र बोललो असावा, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगता येत न्हाय. शोधा की."

मी दोन रविवार शोधलं. मला वीरगळाचा जुना कोरीव दगड सापडला, डबा नाही. गोगलगाय त्यांनी उगाच कोरली नव्हती. दरम्यान मास्तर लोहाराकडे जाऊन आले, पण मुलगा कुठे आहे हे लोहारालाही ठाऊक नव्हतं. "मग आता पक्कड तशीच?" मी विचारलं. मास्तर म्हणाले, "गंज धरत होती. तेल लावून ठेवली." मला त्या क्षणी त्यांचा खराखुरा राग आला. माणूस खोटं बोलणार नाही, दुसऱ्याची वस्तू हलवणार नाही, जागा सांगणार नाही, आणि पोलीस दारात येतील तेव्हा बहुधा पक्कड किती चांगली ठेवली आहे तेही सांगेल.

पोलीस आलेच. दर रविवारी रानात वीरगळाभोवती वाकून वाकून फिरणारा माणूस कुणाच्या तरी डोळ्यांवर आला असणार. पाऊस उघडला होता, कोजागिरी आदल्या रात्री झाली होती. दुपारी मास्तरांना चावडीवर बोलावणं आलं आणि हेडमास्तरांनी सोबत म्हणून मला पाठवलं. फौजदार कोकणातून नुकतेच बदलून आलेले, तरुण आणि घाईचे होते. शेजारी हवालदार होता, तो चिकोडीकडचा.

"रानात तुमचे डबे आहेत?" फौजदारांनी विचारलं.

"हायत."

"कशाला?"

"शिक्के उठवायला."

मास्तरांनी शिक्के, वही, साहेब, माळरान सगळं सांगितलं. फौजदार ऐकता ऐकता हसले, आणि पुढे त्यात आणखी काय आहे हे विचारायचं विसरले. माझा जीव थोडा खाली आला. मग ते म्हणाले, "वीरगळापाशी जो डबा आहे, तो नेमका कुठे आहे?"

"ते सांगत न्हाय, साहेब."

"सरकार विचारतंय."

"कोडं सांगतो. सगळ्यास्नी सांगतो, तुमास्नी बी सांगतो."

"मी सगळं रान खणून काढीन."

"रान लई मोठं हाय," मास्तर म्हणाले. त्यात उर्मटपणा नव्हता. ते खरोखरच मोठं होतं.

फौजदारांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "सांगा तुमचं कोडं." मास्तर किंचित थांबले. मग फळ्यावर लिहावं तसं एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "वीरगळापाशी जावा. सांजच्या जेवणाच्या वक्ताला त्या दगडाची सावली जिथं टेकती, तिथल्या झाडाच्या मुळीखाली बघा."

"एवढंच?" फौजदार म्हणाले. "आज जेवणाच्या वेळेला मी तिथे असेन. आणि त्यात काही वावगं सापडलं तर उद्या तुम्ही शाळेत नसाल."

"बरं," मास्तर म्हणाले.

मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत गेलो. दिवस कलला होता. आता काही तासांत सगळं संपणार, ही धास्ती माझ्या मनातून जात नव्हती. मास्तर हातपाय धुऊन पाटावर बसले. आक्काने भाकरी वाढली. ते नेहमीसारखे एकेक घास वळवून, सावकाश, शेवटपर्यंत जेवले. भाकरी संपल्यावर आक्काने दुसरी पुढे केली तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला. आक्काला वाटलं, काळजीने भूक मेली.

पुढचं मला हवालदाराने सांगितलं. फौजदार आपल्या जेवणाच्या वेळेला, म्हणजे रात्री, माणसं आणि कुदळी घेऊन वीरगळापाशी पोचले. चांदणं टिपूर होतं आणि चंद्र पूर्वेला. सावली अर्थातच पश्चिमेला पडली होती. ती जिथे टेकली होती तिथल्या झाडाच्या मुळ्या त्यांनी खणून काढल्या, मग शेजारच्या झाडाच्या. एक वारूळ आणि दोन विंचू मिळाले. डबा पूर्वेच्या हिरड्याखाली, त्यांच्या पाठीमागे होता. त्याच हिरड्याच्या फांदीला शिपायांनी आपले कोट अडकवले होते. रानात जवळच दडलेल्या मारुतीने कंदील पाहिले, कुदळींचे आवाज ऐकले आणि काय ते ओळखलं. मंडळी थकून परत गेल्यावर त्याने आपली पक्कड काढून घेतली आणि तो गोव्याच्या हद्दीत निघून गेला. हे मात्र हवालदाराला माहीत नव्हतं, मलाही नाही. ते मारुतीने पुष्कळ पुढे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फौजदार लालबुंद होऊन शाळेतच आले. "सावली बघितली, खणलं, काही नाही. तुम्ही सरकारला फसवता?"

मास्तर म्हणाले, "साहेब, तुम्ही किती वाजता जेवता?"

फौजदारांनी सांगितलं.

"आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो," मास्तर म्हणाले.

मग हवालदार खाकरला. "व्हय साहेब. जैन लोक रातीचं खात न्हाईत. आमच्या चिकोडीकडं पोराटोरास्नी ठाव हाय."

"मग काल का बोलला नाहीस?"

"मला कुणी इचारलं न्हाय," हवालदार म्हणाला.

त्या संध्याकाळी, ऊन असताना, आम्ही सगळे वीरगळापाशी गेलो. मला पंच म्हणून नेलं होतं. सावली लांबत लांबत हिरड्याच्या बुंध्याला टेकली. फौजदारांनी स्वतः मुळीखाली हात घातला, डबा ओढला, झाकण काढलं आणि शिंकले. त्यांच्या शिंका थांबेपर्यंत मी डोळे मिटून उभा होतो. उघडले तेव्हा फौजदारांच्या हातात गव्याचा शिक्का होता आणि डब्यात वही आणि शाईची कुपी. बाकी काही नव्हतं. फौजदारांनी डब्याच्या तळावर बोट फिरवून पाहिलं.

"हे तेल आहे?"

"व्हय, तेल हाय," मास्तर म्हणाले.

"कशाला?"

"गंज धरतो, साहेब."

फौजदारांनी बोट रुमालाला पुसलं आणि ते निघाले. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "शिक्का उठवायचा ऱ्हायला." फौजदार वळून बघतच राहिले. "ज्याला गावला त्यानं उठवायचा असतो," मास्तरांनी समजावलं. का कोण जाणे, त्या माणसाने हवालदाराला पिशवी उघडायला सांगितली. त्या वहीत पोलीस ठाण्याचा शिक्का आहे तो असा. त्याच्या शेजारी माझी गोगलगाय आहे, कारण पंच म्हणून का होईना, मी हजर होतो.

मास्तर सुटले याचा मला इतका आनंद झाला की परतताना मी सगळी वाट बडबडत होतो. मास्तरांच्या भाबडेपणाने मारुती वाचला, असं गावानेही ठरवून टाकलं. हेडमास्तरांच्या कंदिलाच्या गोष्टीशेजारी आता लोक फौजदारांच्या कुदळीची गोष्ट सांगू लागले. मारुती पुढे कैद्यांच्या सुटकेची हवा आल्यावर परत आला, तोही हेच म्हणे. "मास्तरांची चूक झाली म्हणून मी हाय." मास्तर ऐकून घेत. त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि न विचारता ते बोलत नसत.

त्या दिवाळीनंतर माझी बदली बेळगावला झाली. मास्तर नंतर निवृत्त होऊन बोरगावला गेले. सत्तेचाळीसच्या सुरुवातीला ते डोळे दाखवायला बेळगावला आले तेव्हा आक्काला घेऊन माझ्याकडे उतरले. मी दारात त्यांना ओळखलं ते रुमालावरून आणि छत्रीवरून. सदरा खांद्यावरून लोंबत होता. वय झालं, असं मी मनाशी म्हटलं.

माझ्या बायकोला त्यांचे नियम ठाऊक होते. तिने चार वाजताच चूल पेटवली, कांदा-लसूण टाळून उसळ केली, ताजं लोणी काढलं, जोंधळ्याच्या भाकऱ्या केल्या. ऊन अंगणात असतानाच पानं मांडली. मास्तर येऊन भिंतीशी बसले. पाटावर बसले नाहीत.

"बसा ना," माझी बायको म्हणाली. "अजून चिक्कार दिवस आहे."

आक्का हळूच म्हणाली, "ते सांजचं जेवत न्हाईत गं आता. कोजागिरीच्या तिसऱ्या दिवशी बस्तीत जाऊन देवापुढं नियम घेतला. तो फौजदार आलता बघ, तवापास्नं. का घेतला, मला बी सांगत न्हाईत."

मी मास्तरांकडे पाहिलं. इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "फौजदार रात्री जाईल हे तुम्हांला ठाऊक होतं?"

"व्हय," मास्तर म्हणाले. "हेडमास्तर कंदील घेऊन आलते, तवापास्नं ठाव होतं. लोक रातीचं जेवतात."

"पण तुम्ही खोटं कुठे बोललात? कोडं खरंच होतं."

"शब्द खरा होता, मच्छेकर. फसवायला सांगितला."

आक्का त्यांच्याकडे बघत होती. तिला हे आजच कळत होतं. ज्या माणसाला आम्ही सगळे भाबडा म्हणून हसलो होतो, त्याने लोहाराच्या पोरासाठी आपलं सत्य एकदाच वाकवलं होतं, आणि त्याबद्दल आपलं सगळ्यात आवडतं सुख जन्मभरासाठी सोडून दिलं होतं. मला भरून आलं आणि त्याची लाजही वाटली नाही. मी म्हटलं, "एवढा पस्तावा झाला?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "पस्तावा न्हाय. परत तशी वेळ आली तर परत सांगीन." मग वाढलेल्या ताटाकडे बघून ते म्हणाले, "मग सकाळचं बी सोडावं लागंल, एवढंच."

आम्ही जेवलो. ते भिंतीशी बसून बघत होते. उसळीत मीठ बरोबर आहे का, असं त्यांनी एकदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना मोटारीवर पोचवायला गेलो. मोटारीची पायरी उंच होती आणि वर चढताना त्यांचा पाय टेकेना. क्लीनर पोरगेलासाच होता. त्याने त्यांच्या काखेत हात घातला आणि एका हाताने त्यांना वर घेतलं. त्याला जराही जड गेलं नाही.